अण्णाचा सदरा आणि कडाकण्यांची माळ

आमच्यात घरातलं माणूस गेलं की चुलीवर कढई चढत नाही. भाकरी चालते, फोडणी चालते, तळण चालत नाही. कढई घासून, पुसून खिळ्याला टांगायची आणि तिच्याकडे बघायचं नाही. घरच्यानं ती काढायचीही नाही. वर्षाच्या आत कधीतरी सोयरा येतो. पीठ, गूळ, तेल सगळं त्याचं त्यानं आणायचं. तो कढई उतरवतो, चुलीवर ठेवतो, काहीतरी तळून घरच्यांच्या तोंडाला लावतो, की दुखवटा सुटला. रडायचं तर पुढंही रडा, कोण नको म्हणतंय, पण घर सुटलं. हा नियम कुणी काढला मला माहीत नाही. काढणारा शहाणा होता. दुःखात बसलेल्या माणसाला आपल्या हातानं उठता येत नाही, हे त्याला कळलं होतं.

आमच्या घरची कढई पाच वर्षं खिळ्याला होती. त्या पाच वर्षांचं आणि ती उतरली त्या दिवसाचं मला लिहून ठेवायचं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी आमच्या तोंडात होती, हातात नव्हती. हातात ती माझ्या बायकोनं, काशीनं दिली. ती खानापूरकडची, मराठी सातवी शिकलेली. लग्नानंतर पाटी आणून तिनं मला ग म भ न गिरवायला लावलं होतं आणि मी रागानं पाटी भिंतीला मारली होती. पाटी फुटली. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी आणली. माघात ती गेली. आता तिच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो आहे. पुढच्या पानांवर लोणच्यांची मापं आहेत. मीठ किती, मोहरी किती.

आम्ही अळणावरला वखारीच्या मागं राहायचो. वखार म्हणजे लाकडाची. जंगलातून ट्रक यायचे, ओंडक्यांच्या थप्प्या लागायच्या आणि दिवसभर आऱ्याचा, मोठ्या करवतीचा, आवाज चालायचा. नवीन माणसाला त्या आवाजानं डोकं धरायला लागायचं. आम्हाला आरा थांबला की दचकायला व्हायचं. भुसा कुठं नव्हता? अंथरुणात, पाण्याच्या घागरीत, अप्पाच्या भुवयांत. अव्वा, म्हणजे आई, भाकरी थापताना ताट झाकून ठेवायची तरी एखादी चिमूट भुसा पोटात जायचाच. साग, नंदी, मत्ती, वासावरून लाकूड ओळखायला मी तिथं शिकलो. अजून ओळखतो. परवा मुलाच्या घरी नवीन कपाट आणलं, सागाचं म्हणून. मी जवळ जाऊन वास घेतला आणि म्हटलं, हा साग नव्हे. सून म्हणाली, मामा, आता घेतलंय हो.

घरात चौघं. अप्पा आऱ्यावर कामाला. अव्वा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा मारुतीअण्णा. आणि मी. अव्वाच्या हाताला तळण्याची चव होती, असं सगळी गल्ली म्हणायची. तिची बिडाची मोठी कढई तिच्या माहेरची. पंचमी, गौरी, दिवाळी राहू दे, साधा पाऊस लागून राहिला तरी ती मिरच्यांची भजी काढायची. पण खरा तिचा हात बघायचा तो नवरात्रात, कडाकण्यांना. कणकेत गुळाचं पाणी घालून घट्ट मळायचं, पापडासारखं पातळ लाटायचं, कडकडीत तळायचं. मग त्या कडाकण्या दोऱ्यात ओवून माळ करायची आणि देवीच्या डोक्यावर बांधायची. आमचा देव्हारा म्हणजे भिंतीतला कोनाडा, वर एक खिळा. माळ त्या खिळ्याला. दसरा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. आणि दर वर्षी दसऱ्याच्या आत माळेतल्या दोन-तीन कडाकण्या गायब व्हायच्या. अप्पा ओरडायचा, "मारत्या! देवीच्या आधी खातोस मेल्या?" अण्णा तोंड पुसत म्हणायचा, "अप्पा, देवीनंच दिली. म्हणाली, मला दात न्हाईत, तूच खा." अप्पा चप्पल उचलायचा, अण्णा पळायचा आणि अप्पा पाठमोरा होऊन हसायचा. चप्पल कधी लागली नाही.

अण्णा सतराचा झाला तसं अप्पानं त्याला वखारीत लावलं. अव्वा नको म्हणत होती. दुसऱ्याच वर्षी ट्रक उतरवताना साखळी सुटली आणि ओंडका त्याच्या अंगावर आला. यापुढं मी त्याचं लिहीत नाही. मी बारा वर्षांचा होतो आणि मला सगळं दिसलं होतं.

दिवस झाले. अव्वानं कढई घासून टांगली. आणि अप्पानं देव्हाऱ्यावरच्या खिळ्याला अण्णाचा सदरा अडकवला. निळ्या रेघांचा, एक बटण तुटलेलं. सकाळी उठून अप्पा त्या सदऱ्यासमोर हात जोडायचा. देवीही तिथंच होती, पण सदऱ्याच्या खाली ती अर्धी झाकलेली. दोन महिन्यांनी खानापूरहून मामा आला, अव्वाचा भाऊ. पीठ, गूळ, तेलाची बुधली, अप्पाला धोतर, अव्वाला लुगडं. अप्पा उंबऱ्यात उभा राहिला. म्हणाला, "दाजिबा, परत जा. माझं पोर मी मारलंय. माझ्या घरात तळण व्हायचं न्हाई." मामा ते गाठोडं घेऊन उलट्या पावली स्टेशनवर गेला. आणि आमच्यातला दुसरा नियम असा, की एकदा परत पाठवलेला सोयरा त्या कढईसाठी पुन्हा येत नाही.

वाईट याचं वाटतं की लोकांना अप्पाचं ते फार आवडलं. वखारीतले चार-पाच जण संध्याकाळी येऊन त्याच्यासमोर बसायला लागले. अप्पा मूळचा अबोल, पण दुःखानं त्याला वाचा फुटली. म्हणायचा, "सुख आलं की देव लांब जातो. दुःख हीच त्याची खूण. ते सांभाळा, सोडू नका." ऐकणारे मान हलवायचे. हळूहळू पाया पडायला लागले. कुणाची म्हैस मेली, कुणाची सून नांदेना, की आमच्या दारात. अव्वा भांडी घासत मला म्हणायची, "बघ, हितं पाया पडून घरी जात्यात आन बायकोला म्हणत्यात, आज भजी कर. दुःख सांभाळायला आमचंच घर सापडलंय." तिचं गाणं बंद झालं होतं. पीठ चाळताना ती काहीतरी गुणगुणायची, ते. सणाच्या दिवशी भात आणि सार. दसऱ्याला आमच्याकडे बन्नी देतात, शमीची पानं, सोनं म्हणून, बंगारदंग इरोण म्हणतात, सोन्यासारखं राहू या. पानं घेऊन निघालेले लोक आमचा उंबरा टाळून पुढं जायचे. मी दारात उभा राहून बघायचो. मला कळायचं नाही की अण्णा गेला यात माझी काय चूक झाली.

परवा, आता राहतो तिथं जवळच, केलगेरीच्या देवळात एका महाराजांचं प्रवचन होतं. शेजारी घेऊन गेला, तुम्हाला बरं वाटेल म्हणून. महाराज म्हणाले, दुःखानं माणूस धुऊन निघतो. मी मधेच उठून आलो. धुऊन निघतो कसला. आमचं घर पाच वर्षांत मळलं होतं. अप्पाचा जीव मोठा झाला असेल, आमचा बारीक झाला होता.

समोर बसव्वा राहायची. लिंगायत, पन्नाशीची, कोंबड्या पाळायची. मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. एका तापाच्या साथीत तिचा नवरा गेला होता आणि पाठोपाठ दोन लेकरं. आणि ही बाई हसायची. तिचं हसणं वखारीतल्या आऱ्यावर चढायचं. मी एकदा विचारलं, बसव्वा, तुला रडू येत नाही का? म्हणाली, "येतंय की तम्मा, रोज पहाटं येतंय. मग कोंबड्या वरडत्यात, उठावं लागतंय." आणि अप्पाबद्दल म्हणाली, "दुःख पाहुणा असतंय. त्याला जेवाय घालायचं आन वाट दावायची. तुझ्या अप्पानं त्याला खोली बांधून दिल्या." सोयरा परत गेला तर परक्याचा हात चालतो. कढई तिनंच चढवली असती, पण ती विधवा, तिचा हात चालत नाही म्हणत. जिनं सगळ्यांत जास्त सोसलं तिचाच हात चालत नाही. नियम काढणारा शहाणा होता असं वर लिहिलंय, सगळेच शहाणे नव्हते.

मी सतराचा झालो, मीही वखारीत लागलो. त्या वर्षी नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी अव्वा जेवायला वाढता वाढता थांबली. अप्पाला म्हणाली, "अहो, एक सांगते. दसऱ्यापर्यंत ती कढई चढली न्हाई तर मी खानापूरला जाते. भावाकडं. परत यायची न्हाई."

अप्पा जेवत राहिला.

"ऐकलं न्हवं?"

"ऐकलं. जा."

"जाते. मग तुमचा देव आन तुम्ही सुखानं नांदा." मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "सुखानं न्हवं. दुःखानं नांदा."

मला हसू आलं, पण अव्वा बोलली की करायची. तिनं कॉटखाली गाठोडं बांधून ठेवलं. आत दोन लुगडी आणि तिचा पानाचा डबा. पानाचा डबा बघितल्यावर माझी खात्री पटली. मी रोज वखारीतून आलो की आधी वाकून कॉटखाली बघायचो.

अष्टमीचा दिवस. माझ्या तळहातात मोठं कुसळ गेलं होतं, हात सुजला होता म्हणून मी घरीच होतो. दुपार कलली होती. अव्वा घागर घेऊन विहिरीवर गेलेली. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पंधरा-सोळाची, काळीसावळी, नाक वर. रेल्वेत नवीन गँगमन आला होता, त्याची पोरगी असावी, एवढं मला कळलं.

"काकू हायत?"

"विहिरीवर गेल्यात."

"कढई पाहिजे होती. आमची सामान उतरवताना दगडावर पडली, कानापाशी तडकली. आईला आजच कडाकण्या करायच्या हायत."

मी तिच्याकडे बघितलं, खिळ्याकडे बघितलं आणि हात करून म्हटलं, "ती हाय." गाढवपणा. पाच वर्षं ज्या कढईकडे आम्ही बघत नव्हतो ती मी एका वाक्यात देऊन टाकली.

समोरच्या पायरीवर बसव्वा तांदूळ निवडत होती. ती कानडीत ओरडली, कारण त्या पोरीला कानडी येत नव्हती. "अय्य शिवने! तम्मा, दुखवट्याची कढई दुसऱ्याच्या घरी पाठवतोस? त्यांच्या घरात काय व्हावं असं वाटतंय तुला?" माझा हात खाली आला. मग ती मोडक्या मराठीत त्या मुलीला म्हणाली, "पोरी, त्यांची कढई भाहेर जात न्हाई. पीठ घेऊन ये, हितंच तळ. चूल काय पळून जाती व्हय?"

मुलगी गेली आणि टोपली घेऊन आली. लाटलेल्या कडाकण्या फडक्यात, वर तेलाची बाटली. मी कढई काढून द्यायला उठलो तर बसव्वा पुन्हा ओरडली, "तू हात लावू नको! हात सुजलाय न्हवं तुझा!" मुलीनं टाचा वर करून स्वतःच कढई काढली. मला वाटलं होतं गंज चढला असेल. कढई काळी, तुळतुळीत होती. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं आणि लगेच विसरलो, कारण तिनं तेल ओतलं होतं.

मी तिला थांबवलं का नाही? पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मला सगळं कळत होतं. तिला काही माहीत नाही, मला माहीत आहे, अप्पा येणार आहे. पण तेल तापलं, पहिली कडाकणी आत गेली, चर्र आवाज आला, आणि गुळाचा तो वास घरभर झाला. पाच वर्षांनी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यालाही. लोक म्हणतात देव दिसला, जाणवला. मला आयुष्यात एकदाच काहीतरी तसं झालं, आणि ते त्या वासानं झालं. महाराजांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला प्रसाद देऊन घालवलं असतं.

अव्वा परत आली. घागर कमरेवर घेऊन दारातच थांबली. "कुणाची गं तू?"

"गँगमनची. काशी."

"बरं." अव्वानं घागर ठेवली, चुलीजवळ येऊन बसली, पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "धूर लई झालाय." धूर काही नव्हता.

पाचचा भोंगा झाला. आरा थांबला. अप्पाची पावलं आली, मागं पाया पडणाऱ्यांतले दोघं. उंबऱ्याशी अप्पाला वास आला आणि तो थांबला. भुवयांत भुसा, खांद्यावर टॉवेल. मागचा एक जण हळूच म्हणाला, "अप्पा, घरात तळण?" अप्पानं आत बघितलं. चुलीवर कढई, कढईत कडाकणी, समोर एक अनोळखी पोरगी झारा घेऊन.

"कुणी चढवली?"

काशी म्हणाली, "मी. आमची तडकली."

"तुला म्हाईत न्हवतं?"

"काय म्हाईत?"

अप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि परत खांद्यावर टाकला. पाच वर्षं त्याच्याकडे सगळ्या गोष्टींवर उत्तर होतं. काशीनं शेवटची कडाकणी काढली, दोरा घेतला आणि दोन माळा ओवल्या, एक लांब, एक आखूड. आखूड हातात घेऊन उठली. "ही तुमच्या देवीला. दुसऱ्याच्या चुलीवर केलं की आधी त्या घरच्या देवीला द्यायचं, आई म्हणती." ती देव्हाऱ्याजवळ गेली आणि वर बघितलं. "हा सदरा कुणाचा? तेवढा काढा की. खिळा एकच हाय, माळ कुठं बांधू?"

आरा बंद होता. बसव्वाच्या कोंबड्यासुद्धा गप्प होत्या, असं मला आठवतंय, पण ते खरं नसेल. अव्वाचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तिची नखं रुतत होती. अप्पा पुढं आला. मला वाटलं आता तो माळ हिसकावणार. काशी तशीच उभी, माळ उचलून धरलेली. तिचे हात भरून आले असणार, कारण तिनं कंटाळून एकदा पाय बदलला. अप्पानं हात वर केला. सदरा खिळ्यावरून काढला. बाह्या आत घेतल्या, कॉलर नीट केली, घडी घातली. भुसा झटकला. मग तो सदरा मांडीवर घेऊन खाली बसला आणि म्हणाला, "बांध."

मागच्या दोघांना त्यानं मान न वळवता सांगितलं, "आज घरी जावा." ते गेले. अव्वानं वाढायला घेतलं. काशी केव्हाच आपली लांब माळ घेऊन निघून गेली होती, आणि जाताना मला म्हणाली होती, "कढई घासून ठेवा, गुळाचं चिकटलंय." आमच्या संसाराची ती सुरुवात. पुढं पन्नास वर्षं ती मला हेच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळी अव्वानं मला हाक मारली. माळेतल्या दोन कडाकण्या कमी होत्या. "तू खाल्ल्यास?" "न्हाई." "खरं सांग." "तुझी शपथ, अव्वा." अप्पा पाटावर बसून चहा पीत होता. त्याच्या मिशीला चुरा होता. अव्वानं बघितलं, मी बघितलं. अप्पानं बशीतून मान वर न करता म्हटलं, "देवीनंच दिली." आणि मग अप्पा रडला. पाच वर्षं तो सदऱ्यासमोर बसत होता, डोळ्यातून पाणी काढत होता, पण हे रडणं निराळं होतं. यात हसणं मिसळलेलं होतं. अव्वा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "त्याला दात हुते, तुम्हाला कुठं हायत." दसऱ्याला बसव्वा सगळ्यांच्या आधी बन्नी घेऊन आमच्या दारात. "चलो आत!" म्हणाली, कानडीत, म्हणजे बरं झालं. संध्याकाळी मी कॉटखाली वाकून बघितलं. पानाचा डबा बाहेर आला होता.

अप्पा मरेपर्यंत सांगायचा, देवीनं पोरगी पाठवली. अजाण पोरगी, काही माहीत नसलेली, तिच्या हातून देवीनं करून घेतलं. म्हणून तर दोन वर्षांनी त्यानं स्वतः जाऊन तिला माझ्यासाठी मागितलं. दुःख सांभाळा म्हणणं त्यानं सोडलं. लोक यायचे कमी झाले. आनंदी माणसाच्या पाया कोण पडतो?

मागच्या दिवाळीनंतर काशीनं अंथरूण धरलं. एका सकाळी मी तिला गरम पाण्यानं पुसत होतो तर म्हणाली, "अहो, एक सांगते, रागवायचं न्हाई."

"बोल."

"आमची कढई तडकली न्हवती."

मला आधी कळेचना कुठली कढई. मग तिनं सांगितलं. अव्वानं बसव्वाला गाठलं, बसव्वानं हिला विहिरीवर गाठलं. नवीन घर, ओळख नाही, सुतक नाही, असाच हात हवा होता. काय बोलायचं ते बसव्वानं तीनदा म्हणून घेतलं होतं. आणि कढईला गंज का नव्हता तेही तेव्हा कळलं. दर अवसेला, अप्पा वखारीत आणि मी घराबाहेर असताना, बसव्वा आमच्या घरात येऊन तिला तेलाचा बोळा फिरवायची.

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "पन्नास वर्षं बोलली न्हाईस?"

"मामंजींना वाटत होतं देवीनं पाठवली. कसं सांगू? आन ते गेल्यावर... मलापण तसंच वाटाय लागलं होतं."

"आणि सदरा? तेपण त्या दोघींनीच शिकवलं?"

"न्हाई हो," ती म्हणाली. "सदऱ्याचं कुणीच सांगितलं न्हवतं. त्या विसरल्या असतील, न्हाईतर त्यांची जीभ उचलली नसेल. तो कुणाचा मला खरंच म्हाईत न्हवतं. खिळा एकच हुता म्हणून बोलले."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आता मला दुसरं काम नाही. कढई तीन बायांनी मिळून चढवली. सदरा कुणी काढायला लावला, ते मला सांगता येत नाही. अप्पाचा देव दुःखात राहायचा, मला तो तिथं कधी भेटला नाही. मला वाटतं तो कढई चढवणाऱ्यांच्या पाठीमागं उभा असतो, आणि कुणाच्या ध्यानात नसलेलं एखादं वाक्य कुणाच्या तरी तोंडात घालतो. माझं शिक्षण चौथी. चुकत असेन.

आता माझं सांगतो. काशी गेल्यावर मीच कढई घासून टांगली, तीच बिडाची. पाडव्याला खानापूरहून मेहुणा आला, काशीचा धाकटा भाऊ भरमा, पीठ-गूळ घेऊन. मी म्हटलं, इतक्यात नको. तो गेला. तो गेल्यावर मला उंबऱ्यात उभा असलेला अप्पा दिसला, आणि लाज वाटली. मुलगा केशवापूरहून दर रविवारी येतो, म्हणतो, अप्पा, वर्ष होऊ दे, मग बघू. त्याला वाटतं मला घाई आहे. मला घाई नाही, मला भीती आहे. दुःखाची सवय लागते. कुणी येऊन विचारपूस करतं, तुम्ही किती प्रेम करत होता म्हणतं, ते गोड लागतं. गुळापेक्षा गोड लागतं.

काल भरमाला फोन लावला. "ये. नवरात्राच्या आत ये."

"दाजी, एकदा परत पाठवलेला सोयरा यायचा न्हाई. नियमात बसत न्हाई."

"नियम मी बघतो. तू गूळ आण."

"किती?"

"जास्त आण. तुझी अक्का नेहमी कमी घालायची."

तो फोनवर हसला.

आज सकाळी उठून आंघोळ केली. देव्हाऱ्याच्या वरच्या खिळ्याला मी काशीचा हिवाळ्यातला स्वेटर अडकवला होता, तपकिरी, कोपराशी उसवलेला. कुणाला सांगितलं नव्हतं. तो खाली घेतला, बाह्या आत घातल्या, घडी केली. मांडीवर घेऊन थोडा वेळ बसलो. मग ट्रंकेत ठेवला. खिळा एकच आहे.